उगमावरचे घड्याळ

बेळगावहून गोव्याला निघालेले बहुतेक प्रवासी कणकुंबीला थांबत नाहीत. पिरनवाडी, किणये, कुसमळीजवळचा मलप्रभेवरचा पूल, जांबोटी असे करत गाडी दाट झाडीत शिरते. वळणे वाढतात, काचा खाली केल्या तर हवेत गारवा जाणवतो, आणि ‘आता चोर्ला घाट उतरला की साखळी’ या घाईत एक गाव मागे पडते. बेळगावपासून सुमारे ४५ किलोमीटरवरचे हे गाव म्हणजे चहापुरता थांबा, एवढीच अनेकांची त्याच्याशी ओळख असते.

खरे तर खानापूर तालुक्यातले हे छोटेसे गाव आपल्या जिल्ह्याचे माथे आहे. इथे माउली देवीचे देऊळ आहे आणि त्याच परिसरात मलप्रभेचा उगम आहे. पावसाळ्यात इथला पाऊस सुट्टी घेत नाही. भिंतींना ओल चढते, कपडे चुलीच्या वर दोरी बांधून वाळवावे लागतात, आणि कौलांवरून पडणारे पाणी अंगणातून कोणत्या बाजूला वाहते यावर त्याचे नशीब ठरते. पूर्वेकडे वळलेले पाणी मलप्रभा होऊन ३०४ किलोमीटर चालत जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. पश्चिमेकडे उतरलेले पाणी म्हादईच्या खोऱ्यात जाते, पुढे मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. एकाच डोंगरावर पडलेल्या सरीची ही फारकत! कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्यावरून पेटलेला वाद आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाचा निवाडा आला, तरी तंटा मिटला नाही. तो विषय आज मला काढायचा नाही. आज सांगायचे आहे ते या गावातल्या एका घरातल्या घड्याळाबद्दल.

फळीवरचा पाहुणा

जुनी घड्याळे उघडून पाहण्याचा मला नाद आहे. ते ठाऊक असलेल्या एका मित्राने मला आपल्या कणकुंबीच्या घरी नेले. घर दोन भावांचे. थोरले गावातच शेती बघतात, धाकटे म्हणजे माझे मित्र बेळगावात नोकरी करून निवृत्त झालेले. घराचे छप्पर बदलायला झाले होते, खर्चाची जुळवाजुळव चालली होती, आणि जुन्या वस्तू घेत फिरणारा एक व्यापारी घड्याळाला बऱ्यापैकी रक्कम देतो म्हणून सांगून गेला होता. वर एक नवे क्वार्ट्झ घड्याळ फुकट. दोन दिवसांनी तो परत येणार होता.

माजघरात लाकडी फळीवर घड्याळ ठेवलेले होते. साधारण दीड फूट रुंद, मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता खांदा असलेली गडद लाकडाची पेटी, पांढुरकी तबकडी, चावीची दोन भोके. युरोपात असे घड्याळ शेकोटीच्या वरच्या मांडणीवर ठेवायची पद्धत, म्हणून त्याला ‘मँटल क्लॉक’ म्हणतात. आपल्याकडे शेकोटी कुठली? त्यामुळे त्याला कोनाडा, फळी किंवा देवघराच्या बाजूची भिंत मिळाली. खांदे उतरत्या या घाटाला, नेपोलियनच्या टोपीसारखा दिसतो म्हणून, ‘नेपोलियन हॅट’ असेही नाव आहे.

‘‘सर, हे कुठलं ते तेवढं सांगा,’’ थोरले म्हणाले. ‘‘आज्जानं गोव्यातनं आणलेलं. अर्धा घाट डोक्यावरनं चढवलं म्हणे.’’

‘‘गोव्यातनं नव्हे,’’ धाकटे म्हणाले, ‘‘बेळगावच्या कँपातनं. कुणी साहेब विलायतेला जाताना लिलावात घेतलेलं. आबाच सांगायचे.’’

हा वाद दोघे भाऊ लहानपणापासून घालत आले होते. दोघांच्याही बाजूला ऐकीव गोष्टीपलीकडे काही नव्हते.

ओळखायचे कसे?

आपल्या भागात अशी घड्याळे अजूनही पुष्कळ घरांत आहेत. काही चालू, काही माळ्यावर. म्हणून ओळख पटवायची रीत जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, तबकडीवरच्या नावावर विसंबू नये. तिथे पुष्कळदा घड्याळ विकणाऱ्या दुकानदाराचे नाव असते. कित्येकदा नावच नसते. खरी खूण आत असते. घड्याळ टेबलावर घ्यावे, मागचे दार उघडावे, लंबक अलगद काढून ठेवावा आणि विजेरीच्या उजेडात यंत्राच्या मागच्या पितळी पत्र्याकडे बघावे. तिथे कारखान्याचा शिक्का ठोकलेला असतो.

आठ टोकांची चांदणी आणि तीत ‘जे’ हे अक्षर असेल तर घड्याळ युंगहान्सचे. हा कारखाना १८६१ मध्ये श्रामबर्ग गावी निघाला आणि १९०३ च्या सुमारास जगातला सर्वात मोठा घड्याळ कारखाना म्हणून गणला जात होता. एकमेकांवर फुली मारलेले दोन बाण असतील तर ते त्याच गावच्या ‘हॅम्बर्ग अमेरिकन क्लॉक कंपनी’चे. हा कारखाना पुढे युंगहान्समध्येच विलीन झाला. नांगर, मुकुट आणि ‘जी’, ‘बी’ ही अक्षरे म्हणजे गुस्ताव बेकर. त्याचा कारखाना सायलेशियातल्या फ्रायबुर्गला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख पोलंडमध्ये गेला आणि गावाचे नाव श्वीबोजित्से झाले. गावे न हलता त्यांचे राज्य बदलते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट, पत्र्यावरचे आकडे. इथे पुष्कळजण फसतात. ‘४२’ असा आकडा दिसला की घड्याळ १९४२ सालचे, असे छातीठोकपणे सांगितले जाते. पण जर्मन यंत्रांवर असा आकडा बहुधा लंबकाची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो, आणि शेजारी दुसरा मोठा आकडा असेल तर तो लंबकाचे मिनिटाला पडणारे ठोके. लंबक हरवला असेल तर नवा करून घ्यायला हेच आकडे उपयोगी पडतात. साल वेगळ्या रीतीने लिहिलेले असते. युंगहान्सच्या काही यंत्रांवर ‘ए’ किंवा ‘बी’ अक्षर आणि पुढे दोन आकडे असतात. ‘ए’ म्हणजे वर्षाचा पहिला निम्मा भाग, ‘बी’ म्हणजे दुसरा. ‘बी ०९’ म्हणजे १९०९ चा उत्तरार्ध. बेकरच्या घड्याळावर अनुक्रमांक असतो. त्याचा दहा लाखावा आकडा १८९२ मध्ये गाठला गेला, त्यावरून पुढचेमागचे अंदाज बांधता येतात.

तिसरी गोष्ट, देशाचे नाव. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द लिहिण्याची सक्ती जर्मनीने केलेली नाही, ती इंग्रजांनी केली. १८८७ च्या कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. आपल्या गिऱ्हाइकाने जर्मन माल ओळखून टाळावा, हा त्यामागचा हेतू होता. झाले उलटेच. माल टिकाऊ निघाला आणि तीच अक्षरे खात्रीची खूण बनली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली. मग ‘वेस्ट जर्मनी’ असे छापले जाऊ लागले, ते १९९० ला दोन्ही देश एक होईपर्यंत. म्हणजे नुसते ‘जर्मनी’ असेल तर घड्याळ बहुधा युद्धाआधीचे, ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर नंतरचे.

चौथी गोष्ट कानाची. टोला ‘टण्’ असा लख्ख वाजला तर आत छोटी वाटीसारखी घंटा आहे. घुमणारा, लांबत जाणारा आवाज आला तर पोलादी तारेचे गुंडाळे आहे. दर पाव तासाला सूर वाजत असतील तर आत पोलादी सळ्या आहेत. ‘काटा चारावर आणि टोले सात’ ही तक्रार ज्या घरात आहे, तिथल्या घड्याळात टोले मोजणारे खाचांचे चाक आहे. ते काट्यांशी बांधलेले नसते, एकदा चुकले की चुकतच राहते. नंतरच्या यंत्रांत ही अडचण दूर केली गेली, काटा जिथे असेल तितकेच टोले पडतात.

शेवटची गोष्ट, यंत्र आणि पेटी एकमेकांचीच आहेत ना? जुन्या बाजारात एकाचे यंत्र दुसऱ्याच्या पेटीत बसवून विकायचे प्रकार सर्रास चालतात. पेटीच्या आत रिकामी पडलेली स्क्रूची भोके, तबकडीच्या भोकांशी न जुळणारे चावीचे चौकोन, जुन्या लाकडात चमकणारे नवे स्क्रू दिसले की समजावे, इथे जोडकाम झाले आहे.

उगमावरून उगमावर

कणकुंबीच्या घड्याळाची पेटी आणि यंत्र एकमेकांचेच होते. मागच्या पत्र्यावर ‘एफ’, ‘एम’, ‘एस’ ही तीन अक्षरे होती. म्हणजे फ्रीडरिख माउथे, श्वेनिंगेन. हा कारखाना १८४४ साली घरगुती धंद्यातून सुरू झाला आणि पिढ्यान्पिढ्या चालून १९७० च्या दशकात बंद पडला. शिक्का, घाट आणि टोल्यांची रचना पाहता आपले घड्याळ दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले.

हे मी सांगितले तेव्हा थोरल्यांनी विचारले, ‘‘हे श्वेनिंगेन गाव कसलं?’’

आणि इथेच गोष्ट रंगली. जर्मनीच्या नैर्ऋत्येला ‘श्वार्त्सवाल्ड’ म्हणजे काळे अरण्य नावाचा डोंगराळ मुलूख आहे. दाट झाडी, भरपूर पाऊस, थंडीत बर्फ. शेती जेमतेम. हिवाळ्यात घरात कोंडून पडलेले शेतकरी लाकडाची घड्याळे कोरू लागले आणि फेरीवाले ती पाठीवरच्या चौकटीला बांधून युरोपभर विकत हिंडू लागले. १८५० मध्ये फुर्टवांगेन गावी घड्याळांची शाळाच निघाली. आज तिथे जर्मन घड्याळांचे मोठे संग्रहालय आहे. पुढे कारखाने आले आणि श्वेनिंगेन स्वतःला जगातले सर्वात मोठे घड्याळांचे गाव म्हणवून घेऊ लागले.

पण याहून मोठी गोष्ट अशी की, नेकार नदीचा उगम याच श्वेनिंगेनला आहे, गावाजवळच्या पाणथळीत. ही नेकार साधारण ३६० किलोमीटर वाहत जाऊन मानहाइमला ऱ्हाइन नदीला मिळते आणि ते पाणी उत्तर समुद्रात जाते. शेजारचे गाव फिलिंगेन. तिथले पाणी मात्र डॅन्यूबला मिळते आणि पार काळ्या समुद्रात पोचते. म्हणजे श्वेनिंगेनही पाणलोटाच्या माथ्यावरचे गाव, सर कुठे वळते यावर समुद्र ठरवणारे!

एवढ्यावर थांबत नाही. फिलिंगेन बाडेन राज्यातले आणि श्वेनिंगेन व्युर्टेंबर्ग राज्यातले. दोघांच्या मधून सरहद्द जायची. बोलीची ढब वेगळी, चालीरीती वेगळ्या. १९५२ साली दोन्ही राज्यांचे मिळून एक राज्य झाले आणि १९७२ मध्ये ही दोन गावे जोडून एकच शहर केले गेले. तरी एकमेकांची थट्टा करायची जुनी सवय लोकांनी सोडलेली नाही.

हे ऐकून थोरले हसले. म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्यासारखंच गाव की हो!’’

एका नदीच्या उगमावरच्या, सरहद्दीवरच्या गावात तयार झालेले घड्याळ समुद्र ओलांडून दुसऱ्या नदीच्या उगमावरच्या, सरहद्दीवरच्या गावात येऊन फळीवर बसले. कुणी ठरवून केले असते तर इतके जुळले नसते.

पत्र्यावरचे ओरखडे

माझे लक्ष मात्र शिक्क्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या बारीक ओरखड्यांकडे होते. घड्याळजी काम झाले की यंत्राच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने तारीख आणि खूण कोरून ठेवतात. पुढच्या वेळी घड्याळ आले तर आपण कधी साफ केले ते कळावे म्हणून. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. भिंग लावून आम्ही एकेक ओरखडा वाचत गेलो.

सगळ्यात जुना रोमन लिपीत: म्हापसा, १९३८. त्याखाली दुसऱ्या हाताचा, पुन्हा म्हापसा, १९४९. मग देवनागरीत, ठसठशीत: बेळगाव, १९५७. आणि एका कोपऱ्यात, जागा उरली नव्हती म्हणून आडवे, कन्नड लिपीत: धारवाड, १९८४.

चार ओरखडे, तीन लिप्या. माजघरात काही वेळ कुणी बोलले नाही.

म्हापशाच्या नोंदी पाहून थोरल्यांचे म्हणणे खरे ठरण्याकडे पारडे झुकले. १९३८ ला घड्याळ गोव्यात होते, निदान दुरुस्तीला तरी तिकडे जात होते. मग १९५७ ला बेळगाव का? ते आपल्या भागातल्या जुन्या माणसांना लगेच कळेल. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. १९५५ पासून भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली आणि चोर्ल्यापलीकडची वाट म्हणजे दुसऱ्या देशाची हद्द झाली. ज्या घाटाने घड्याळ डोक्यावरून आले, त्या घाटाने ते साफ करायला नेणे अवघड झाले. म्हणून ते पूर्वेकडे वळले, पाण्यासारखे. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपला जिल्हाही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला. तोवर घराला बेळगावच्या घड्याळजीची सवय झाली असावी.

धारवाडचे मात्र कुणालाच आठवेना. अखेर थोरल्या वहिनींना आठवले. त्या वर्षीच्या पावसात घराची मागची भिंत बसली होती. सामान हलवले तेव्हा घड्याळ नणंदेच्या सासरी, धारवाडला गेले. ते तिथे बंद पडले आणि तिच्या यजमानांनी दुरुस्त करून घेतले. ‘‘भिंत कुठल्या साली पडली ते आता कळलं बघा,’’ वहिनी म्हणाल्या. इतकी वर्षे घरात त्या सालावरून मतभेद होते.

व्यापारी असे घड्याळ नेतो तेव्हा पहिले काम काय करतो? यंत्र सोडवून पितळ घासूनपुसून लख्ख करतो, पेटीला नवे पॉलिश चढवतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही, चकचकीत मालाला गिऱ्हाईक मिळते. पण त्या घासण्यात हे चार ओरखडे गेले असते. शिक्का राहिला असता, कारण तो खोल ठोकलेला असतो. कारखान्याची ओळख राहिली असती आणि घराची पुसली गेली असती. माउथेचे घड्याळ जगात हजारो घरांत असेल. म्हापसा, बेळगाव, धारवाड असे कोरलेले एवढेच.

मी विकू नका असे म्हटले नाही. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गळते त्याला बाहेरच्याने शिकवू नये. मी फक्त फोटो काढून घ्या म्हटले. बराच वेळ गप्प बसलेले धाकटे म्हणाले, ‘‘छप्पराला ते पैसे कितीसे पुरणार? यंदा राहू दे. पुढं कधी विकायचं झालं तर सगळं लिहून ठेवून विकू.’’ थोरल्यांनी मान हलवली. दोघा भावांचे त्या घड्याळाबद्दल पहिल्यांदाच एकमत झाले होते.

‘‘दर रविवारी चावी मीच देतो,’’ घरातली धाकटी सून मध्येच म्हणाली. ती सौंदत्ती तालुक्यातली, माहेरची भाषा कन्नड. मलप्रभेचे पाणी नवीलुतीर्थच्या धरणात अडते, तिकडची. इथे आली तेव्हा तिला मराठी येत नव्हते. सासऱ्यांनी पहिल्यांदा विचारले ते ‘किती वाजले?’ आणि ती चटकन म्हणाली, ‘एष्ट गंटि?’ दोघांनाही एकमेकांचा प्रश्न कळला, कारण दोघेही घड्याळाकडे बघत होते.

तास आणि गंटे

तिचे बोलणे ऐकून मला दोन्ही भाषांची गंमत आठवली. मराठीतला ‘तास’ म्हणजे मुळात काशाची जाड थाळी. तीवर ठोका देऊन वेळ कळवायची रीत होती, म्हणून त्या वेळेलाच तास म्हणू लागले. कन्नडमध्ये ‘गंटे’ म्हणजे घंटाही आणि वाजलेला तासही. इंग्रजीतल्या ‘क्लॉक’ या शब्दाचे मूळही घंटाच, आणि जर्मनमध्ये घंटेला अजून ‘ग्लोके’ म्हणतात. वेळ ही आधी ऐकायची गोष्ट होती, बघायची नंतर झाली.

मराठीतले ‘घड्याळ’ आणि कन्नडमधले ‘गडियार’ तर सख्खी भावंडे. दोघांचे मूळ ‘घटी’. पाण्याच्या भांड्यात बारीक भोकाची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आपली २४ मिनिटे. दिवसरात्रीच्या अशा ६० घटका. लग्नाच्या मुहूर्ताला हीच वाटी पाण्यात सोडत. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार तिथला. कन्नडमध्ये हीच घटका ‘गळिगे’ होते. म्हणजे आपल्याकडे वेळ मोजली ती आधी पाण्याने. उगमावरच्या गावाला हे शोभून दिसते.

घड्याळ आले तरी ते कशावर लावायचे, हा प्रश्न होताच. आज आपण जी प्रमाणवेळ वापरतो ती १ जानेवारी १९०६ पासूनची. मुंबईची जुनी वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती आणि मुंबई शहरात ती १९५० च्या दशकापर्यंत टिकून होती. कणकुंबीची सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे पडते. म्हणजे इथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण साडेबारा वाजून गेलेले असतात, ऋतूप्रमाणे काही मिनिटे इकडेतिकडे. त्यांचे आजोबा रेडिओ येण्यापूर्वी अंगणातल्या खांबाची सावली सर्वात आखूड झाली की घड्याळ बारावर लावत, असे थोरले सांगत होते. त्या घरात तेव्हा कणकुंबीची स्वतःची वेळ चालत होती.

तुमच्या घरातले घड्याळ

वाचकहो, तुमच्याही घरात असे एखादे घड्याळ असेल तर चार गोष्टी सांभाळा. यंत्रात खोबरेल किंवा गोडेतेल कधीही सोडू नका. थंडीत ते थिजते, धूळ धरते आणि चाके अडतात. पेटीत रॉकेलचा बोळा ठेवायची जुनी रीतही सोडून द्या. घड्याळाचे तेल वेगळे मिळते, तेही जाणत्याने थेंबभरच द्यावे. काटे उलटे फिरवू नका. पुढे फिरवताना प्रत्येक टोला पूर्ण होऊ द्या. जागा बदलायची असेल तर आधी लंबक काढा. नव्या जागी टिकटिक सारख्या अंतराने पडते का ते कान देऊन ऐका. लंगडी पडत असेल तर घड्याळ कलते आहे, खाली पुठ्ठ्याची घडी घालून सरळ करा. पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि आतली स्प्रिंग घरी उघडण्याचे धाडस करू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटे जायबंदी होतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे, मागचे दार एकदा उघडा. शिक्का पाहा, पण तेवढ्यावर दार लावू नका. भिंग घ्या, विजेरी तिरपी धरा आणि ओरखडे शोधा. मराठी सापडतील, कन्नड सापडतील, आपल्या भागात रोमन लिपीतलेही सापडतील. घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि एकेक साल मोठ्याने वाचा. कुठली भिंत कधी पडली, कोण कधी कुठे राहायला गेले, कुणाच्या लग्नात घड्याळ कुणाकडे होते, ते सगळे बाहेर येईल. ते वहीत लिहा, दोन्ही भाषांत लिहिले तर फारच चांगले, आणि ती घडी घड्याळाच्या पेटीतच ठेवा. घड्याळ राहिले तर नातवंडांना उपयोगी पडेल. विकले गेले तर नेणाऱ्यालाही कळेल की ते कुणाकडे होते.